बागेतल्या झाडांना क्यूआर कोडच्या पाट्या लावायच्यात, कुणी केलंय का?

शेवग्याची_शेंग (नाशिक)

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीला लागून महापालिकेचं एक छोटं उद्यान आहे, सकाळी फिरणाऱ्यांचा आमचा ग्रुप आहे, बरेचसे रिटायर्ड, दोनतीन माझ्यासारखे घरून काम करणारे. बागेत झाडं खरंच चांगली आहेत. बहावा, ताम्हण, वावळ, पुत्रंजीवा, दोन मोठे पिंपळ, आणि एक कैलासपती, तो फुलला की लोक मुद्दाम बघायला येतात. पण एकाही झाडावर नाव नाही. पूर्वी होत्या म्हणे पत्र्याच्या पाट्या, आता नुसते गंजलेले खिळे उरलेत.

तर ठरलं की वर्गणी काढून आपणच पाट्या करू. इथपर्यंत सगळे खूश. मग एका काकांच्या मुलाने सांगितलं की आता क्यूआर कोड लावतात, दिल्लीच्या लोधी गार्डनमध्ये आहेत, तिरुवनंतपुरमला कनकक्कुन्नु पॅलेसच्या बागेत २०१८ पासून आहेत, स्कॅन केलं की सगळी माहिती मोबाईलवर. तेव्हापासून ग्रुपमध्ये जे दोन तट पडलेत ते काही मिटत नाहीयेत. एक पार्टी म्हणते पाटीवर फक्त कोड आणि झाडाचा नंबर, सुटसुटीत, पाटी छोटी, खर्च कमी. दुसरी पार्टी म्हणते आम्ही मोबाईल घरी ठेवून येतो तो काय उगाच, आम्हाला नाव वाचता आलं पाहिजे.

मला विचारायचंय ते असं की कोड फ्री वेबसाइटवरून बनवला तर चालतो का, माहिती कुठे ठेवायची (मराठी विकिपीडियाची लिंक दिली तर?), पाटी कशाची करावी म्हणजे नाशिकचा पाऊस काढेल, आणि मुळात लोक खरंच स्कॅन करतात का की चार दिवसांची हौस.

मधुमालती (ठाणे)

आमच्या इथल्या एका बागेत लावलेत. लोक स्कॅन करतात का, तर हो करतात, फक्त यूपीआयचं ॲप उघडून करतात :) काळापांढरा चौकोन दिसला की हात आपोआप तिकडेच जातो, मग ॲप म्हणतं हा कोड चालत नाही आणि माणूस पुढे निघून जातो. माझ्यासमोर एका छोट्या मुलाने विचारलं, आई झाडाला पैसे द्यायचे का, तर आई म्हणाली नाही रे, ते महापालिकेला. त्यामुळे कोडच्या वर मोठ्या अक्षरात लिहा, ‘मोबाईलचा कॅमेरा उघडून स्कॅन करा, पैसे लागत नाहीत’. खरंच लिहा, चेष्टा नाही करत.

अजून एक म्हणजे आमच्याकडचे निम्मे कोड आता उघडतच नाहीत. कॅमेरा वाचतो, लिंक येते, दाबली की कुठल्यातरी कंपनीचं इंग्रजी पान, अकाउंट बंद आहे वगैरे. माळीमामांना विचारलं तर म्हणाले ज्याने लावले तो कंत्राटदार गेला.

काळा_चष्मा

बागेत तरी तो मोबाईल खिशात राहू द्या की राव. झाडाकडे बघायला गेलेला माणूस स्क्रीनकडे बघत उभा.

रिकामा_स्लॅश (पुणे)

मधुमालती यांच्या बागेत जे झालंय ते बऱ्याच ठिकाणी होतं आणि ते टाळणं अगदी सोपं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

क्यूआर कोड म्हणजे चौकटींमध्ये लिहिलेला साधा मजकूर, त्यात बाकी काही जादू नाही. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने गाड्यांच्या पार्ट्सचा हिशोब ठेवायला काढला, आणि पेटंट असूनही कंपनीने वापरणाऱ्यांकडे पैसे मागितले नाहीत म्हणून आज तो पानटपरीपर्यंत पोचलाय. तर त्या चौकटींत थेट तुमच्या पानाचा पत्ता लिहिला असेल तर तो कोड कधीच एक्स्पायर होत नाही आणि कुणाला रुपया द्यावा लागत नाही. याला स्टॅटिक म्हणतात. पण ‘फ्री क्यूआर’ असं शोधलं की वरवर ज्या साइट येतात त्यातल्या कित्येक न सांगता डायनॅमिक कोड देतात, म्हणजे कोडमध्ये पत्ता त्यांचा, तिथून ते माणसाला तुमच्या पानावर पाठवणार. ट्रायल संपली, पैसे भरले नाहीत, की पाठवणं बंद. तुमच्या पाट्या मात्र छापून खांबावर बसलेल्या असतात. ओळखायचं कसं, तर छापायच्या आधी कोड कॅमेऱ्यासमोर धरा आणि लिंक न दाबता नुसती वाचा, तिथे तुमचाच पत्ता दिसायला हवा. मोठ्या कंपनीचा शॉर्टनर (लांब लिंक छोटी करून देणारी सोय) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, गुगलने स्वतःचा शॉर्टनर २०१९ ला नव्या लिंकसाठी बंद केला आणि २०२५ मध्ये वापरात नसलेल्या जुन्या लिंकही मोडीत काढल्या.

माझं मत विचाराल तर एक छोटं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, घ्या, डॉट इन वर्षाला हजाराच्या आत मिळतं, आणि प्रत्येक झाडाला त्यावर एक नंबर द्या, पत्त्याच्या शेवटी स्लॅश आणि १२, म्हणजे बारा नंबरचं झाड. त्या पत्त्यामागे आज विकिपीडिया ठेवा, उद्या स्वतःचं पान ठेवा, परवा अजून काही, पाटीला हात लावायला नको.

विकिपीडियाची मराठी लिंक थेट कोडमध्ये टाकू नका. देवनागरी अक्षर लिंकमध्ये गेलं की काना, उकार, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजलं जातं आणि प्रत्येकाची नऊ कॅरेक्टर होतात. ‘कडुलिंब’ एवढ्याचीच ६३ झाली, त्याआधीचा विकिपीडियाचा पत्ता ३० चा, म्हणजे ९३. सगळ्यात मजबूत सेटिंगला याचा ५३×५३ चौकटींचा कोड होतो. तुमचा पत्ता तीसेक कॅरेक्टरमध्ये बसला तर तेच काम ३३×३३ मध्ये होतं, म्हणजे तेवढ्याच पाटीवर एकेक चौकट दीडपटीहून मोठी आणि जुन्या फोनलाही वाचायला सोपी. विकिपीडियाच हवा असेल तर विकिमीडियाची स्वतःची लिंक छोटी करायची सोय आहे, ती वापरा.

मजबूत सेटिंग म्हणजे काय तर कोड बनवताना चार लेव्हल असतात, अंदाजे ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशा. बागेत ३० वालीच घ्या, पक्षी काही विचारून शिटत नाहीत. पण मध्ये महापालिकेचा नाहीतर ग्रुपचा लोगो टाकू नका, तो लोगो त्या ३० टक्क्यांतूनच खातो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन झाकले गेले तर मग कुठलीच लेव्हल वाचवत नाही. भोवती चार चौकटींइतकी पांढरी जागा सोडा, आणि हिरव्यावर पांढरा असा उलटा कोड करू नका, दिसतो छान पण काही फोनना वाचता येत नाही. आकाराचा ढोबळ नियम दहास एक, फूटभरावरून स्कॅन करायचं असेल तर तीन सेंमी, वाफ्याच्या पलीकडून मीटरभर अंतर असेल तर दहा सेंमी.

पाटीवाला_कोल्हापूर

वरचं सगळं बरोबर, आता पाटीचं मी सांगतो, धंदाच हा आहे आमचा.

फ्लेक्स आणि सनबोर्ड डोक्यातनं काढून टाका. सनबोर्ड म्हणजे आत फोम, कडेनं पाणी शिरलं की फुगतंय आणि वरची प्रिंट सुटती. कमी बजेटमध्ये एसीपी शीटवर (दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा, आत प्लॅस्टिक) व्हिनाइलचा स्टिकर आणि वरनं मॅट लॅमिनेशन. मॅटच म्हणा, ग्लॉसी नको, उन्हात चमकतंय आणि कॅमेऱ्याला नुसता पांढरा डाग दिसतोय. स्टीलवर लेझर करून मागणारे लई येतात, दिसायला एकदम भारी, पण चकाकी तीच आणि काळंपांढरं नीट उठत नाही. पैसे असतील तर ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम, त्यात रंग वर बसत नाही, धातूच्या थरात जाऊन सील होतोय, त्यामुळं खरवडून पण लवकर जात नाही. आणि रंगीत फोटोबिटो टाकू नका, उन्हात लाल पिवळा आधी उडतोय, मग राहतंय ते निळसर भूत. काळं टिकतंय.

खोडाला गुंडाळून लावायची नाही. खोड गोल, कोड वाकला की कडा कॅमेऱ्याला दिसत नाहीत. जमिनीत अँगल रोवून कमरेएवढ्या उंचीला, पाटी जरा तिरकी, म्हणजे पोरांना पण वाचता येती आणि व्हीलचेअरवरनं पण. आणि स्प्रिंकलर कुठं आहेत ते आधी बघून घ्या. बोअरचं पाणी रोज पडलं की क्षारांचा पांढरा थर बसतोय, कोड खाली शाबूत असतोय पण वाचता येत नाही, मग लोक म्हणतात पाटीवाल्यानं फसवलं.

जाता जाता, उद्घाटनाच्या कोनशिला पण आम्हीच करतो. ती ग्रॅनाइटची, खोदून, वर सोनेरी रंग, नावं पिढ्यान्‌पिढ्या राहणार. त्याच बागेत झाडाचं नाव मागताना म्हणतात स्वस्तात काहीतरी करा.

वनस्पतीवाली (नागपूर)

कोनशिलेला +१ :)

मी कॉलेजात बॉटनी शिकवते. पाटीवाले दादा म्हणतात तसं स्टँडच करा, आणि कारण फक्त कोड वाकण्याचं नाही. झाडाचं खोड दरवर्षी जाड होत जातं, खिळा आणि पाटी दोन्ही गिळून टाकतं, तार बांधली तर ती सालीत रुतते आणि सालीखालूनच पानांतलं अन्न मुळांकडे जात असतं, ते अडतं. पुण्यात आंघोळीची गोळी संस्थेच्या मुलांनी खिळेमुक्त झाडांची मोहीम केली ती याचसाठी. कुठे खोडावरच लावायला लागली तर स्प्रिंगवर लावतात, म्हणजे खोड वाढेल तशी पाटी पुढे सरकते, पण ते जाणकाराकडून. तुमच्या बागेतले जुने गंजके खिळे दिसतात त्यांचंही बघा, काढायचे असतील तर उद्यान विभागाला सांगून.

आता तुमच्या दोन तटांचं. माझं स्पष्ट मत, नाव पाटीवरच हवं, मोठ्या देवनागरी अक्षरात, खाली शास्त्रीय नाव. मोबाईल नसलेल्या माणसाला, रेंज नसताना, बॅटरी संपलेली असताना नाव कळलंच पाहिजे. शाळेची मुलं येतात त्यांच्याकडे कुठे फोन असतो. नागपूरला मे महिन्यात भर दुपारी स्क्रीनवर काही दिसत पण नाही. नुसता नंबर आणि कोड लावणं म्हणजे पाटी न लावण्यासारखंच.

आणि धोक्याची सूचना कोडमागे ठेवू नका, हे फार महत्त्वाचं. तुमच्याकडे कैलासपती आहे म्हणता, त्याची फळं वीतभर व्यासाची, टणक आणि वजनदार असतात आणि खोडालाच लागतात, पिकली की धाडकन खाली येतात. ‘फळं पडतात, झाडाखाली बसू नये’ हे लाल अक्षरात तिथेच लिहायचं, स्कॅन केल्यावर नाही. कुंपणाला पिवळी कण्हेर असेल तर तेही, सगळं झाड विषारी, आणि मुलं बिट्ट्या गोळा करून खेळतात.

मग कोड कशाला? तर जे बदलतं त्याच्यासाठी. पाटी वर्षानुवर्षं तीच राहणार, पण झाड दर महिन्याला वेगळं असतं. काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण आणि लालभडक, तेव्हा त्यावर साळुंक्या, कोतवाल, सूर्यपक्षी यांची नुसती झुंबड असते, दोन महिन्यांनी तिथेच बोंडं फुटून कापूस उडत असतो. बहावा एप्रिल-मेमध्ये. ताम्हण आपलं राज्यफूल, पण किती जणांनी ओळखून बघितलंय? पानावर लिहा की या महिन्यात या झाडाकडे काय बघायचं, कुठे बघायचं. ‘हा वृक्ष प्राणवायू देतो’ असली वाक्यं कृपा करून नको, ती प्रत्येक झाडाला लागू पडतात आणि कुणी दुसऱ्यांदा स्कॅन करत नाही.

काळा चष्मा, तुमचं म्हणणं पटतं हो. म्हणूनच पान एका मिनिटात वाचून होणारं हवं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य माणसाची मान वर करणारं हवं. ‘आता खालून तिसऱ्या फांदीच्या बेचक्यात बघा’ असं काहीतरी.

लिंबूटिंबू (सिंगापूर)

इथे नॅशनल पार्क्स बोर्डाने २०१८ मध्ये झाडांचा ऑनलाइन नकाशाच काढला, तेव्हाच पाच लाखांच्या आसपास झाडं होती त्यात, रस्त्यावरचं झाड नकाशावर दाबलं की जात कळते. म्हणजे प्रत्येक झाडावर पाटी लावलीच पाहिजे असं नाही, गेटवर एक मोठा नकाशा आणि एक कोड यानेही बरंच भागतं, नाशिकच्या छोट्या बागेला तर नक्कीच. बोटॅनिक गार्डनमधलं टेंबुसूचं जुनं झाड मात्र पाचच्या नोटेवरच छापलंय, त्याला कोड नको नि काही नको, त्याच्यासोबत फोटो काढायला लोक खिशातून नोट काढून उभे असतात.

मेलबर्नची गंमत माहितीये का? २०१३ च्या सुमारास तिथल्या सिटी कौन्सिलने प्रत्येक झाडाला नंबर आणि ईमेल दिला, हेतू काय तर फांदी तुटली, झाड वाळलं तर लोकांनी कळवावं. लोकांनी झाडांना प्रेमपत्रं पाठवली. तुमच्या पानावर पण एक छोटं खोकं ठेवा, ‘या झाडाबद्दल काही सांगायचंय?’ तक्रारी येतीलच, पण वीस वर्षं तिथे फिरणाऱ्या आजोबांची एखादी आठवण पण येईल.

भाषेचं एक. क्यूआरपीडिया म्हणून सोय आहे, २०११ मध्ये इंग्लंडमध्ये डर्बी म्युझियममध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी वेल्समध्ये मनमथ नावाच्या अख्ख्या गावात तसे कोड लावले. ती फोनची भाषा ओळखते आणि त्या भाषेतला विकिपीडिया लेख दाखवते, असेल तर. कल्पना फार छान. पण आपल्याकडे घरात मराठी बोलणाऱ्यांचेही फोन इंग्रजीत सेट केलेले, मग त्यांना इंग्रजीच दिसणार. त्यापेक्षा पान सरळ मराठीत उघडू दे आणि वर इंग्रजी, हिंदीचं बटण द्या.

मधुमालती (ठाणे)

ऑडिओ पण ठेवा ना. आमच्या सासूबाईंना बारीक अक्षर वाचवत नाही, पण ऐकायला आवडतं. तुमच्या ग्रुपमधल्याच कुणीतरी चांगल्या आवाजात एकेक मिनिट बोलून रेकॉर्ड करायचं, स्टुडिओ वगैरे काही नको. मागे दयाळ बोलत असेल तर उलट छानच.

शेवग्याची_शेंग (नाशिक)

बाप रे, एवढं सगळं! खूप आभार सगळ्यांचे. ग्रुपवर वनस्पतीवाली ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, कैलासपतीचं ऐकून दोन्ही पार्ट्या एकदम गप्प झाल्या कारण त्याच झाडाखालचा बाक सगळ्यांचा आवडता आहे. आता नाव मोठं, कोड खाली कोपऱ्यात, आणि प्रत्येक झाडाला न लावता दर जातीचं एकच झाड निवडायचं असं जवळजवळ नक्की झालंय. बाक हलवण्यासाठी वेगळा अर्ज.

दोन शंका राहिल्यात. कुणी आमच्या कोडवर स्वतःचा स्टिकर चिकटवला तर? पेपरात वाचलंय दुकानांच्या कोडबद्दल. आणि काही झाडं आम्हालाच ओळखता येत नाहीयेत. गेटजवळच्या उंच सरळ झाडांना सगळे अशोक म्हणतात, ते बरोबर आहे ना?

रिकामा_स्लॅश (पुणे)

होऊ शकतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये ऑस्टिनला २०२२ च्या सुरुवातीला पार्किंग मीटरवर असेच खोटे कोड चिकटवलेले सापडले होते, लोक पार्किंगचे म्हणून पैसे भलत्याच साइटवर भरत होते. तुमच्या पानावर पैशांचा संबंधच नसेल तर कुणाला फारसा फायदा नाही, त्यामुळे देणगीचं बटण वगैरे काही ठेवू नका, वर्गणी मागायची तर समोरासमोर मागा. कोडखाली पत्ता वाचता येईल अशा अक्षरात छापा, म्हणजे स्कॅन केल्यावर वेगळं काही दिसलं तर माणसाला लगेच कळेल, आणि ज्याला स्कॅन जमत नाही तो टाइप करेल. रोज फिरणारे तुम्हीच आहात, नखाने कोपरा खरवडून बघत जा.

आणि डोमेन एकाच्याच नावावर, एकाच्याच मोबाईल नंबरवर घेऊ नका. तो माणूस मुलाकडे बंगलोरला राहायला गेला की रिन्यूअलचा मेसेज तिकडे जातो.

वनस्पतीवाली (नागपूर)

उंच, सरळ, लांब नागमोडी कडांची खाली झुकलेली पानं असतील तर तो आसुपालव, सीतेचा अशोक नव्हे. सीताअशोकाचं झाड पसरट असतं आणि केशरी-लाल फुलांचे गुच्छ फांद्यांनाच लगडतात. ही गफलत सरकारी पाट्यांवरही दिसते, तुमच्या पाटीवर नको. ओळख पटवायला फोटो टाका इथे, पण लांबून काढलेला अख्ख्या झाडाचा एकच फोटो नको, पानाची पुढची मागची बाजू, साल, आणि फूल किंवा फळ असेल तर ते जवळून. मोबाईल ॲप जे नाव सांगतं ते अंदाज म्हणून घ्या, त्यावरून थेट पाटी छापू नका. ज्याची खात्री नाही ते झाड यंदा राहू द्या, फुलल्यावर बघू. नाशिकमधल्या एखाद्या कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटला विचारलंत तर मुलं प्रोजेक्ट म्हणून आनंदाने करतील. पन्नास वर्षांहून जुनं झाड असेल तर ते महाराष्ट्राच्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यातल्या २०२१ च्या सुधारणेनुसार हेरिटेज वृक्षात येतं, पिंपळांचं वय काढून घ्या त्यानिमित्ताने. उद्यान विभागाच्या पत्रात ते लिहिलंत तर वजन पडेल.

पाटीवाला_कोल्हापूर

छापायला देताना कोड व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो फोटो दाबतंय आणि चौकटींच्या कडा फाटतात. पीडीएफ नाहीतर एसव्हीजी फाइल ईमेलनं. डिझायनरला सांगा कोड आडवा उभा ताणून जागेत बसवायचा नाही, त्यांना ती सवय असती. आणि सगळ्या पाट्या एकदम करू नका, आधी एकच करून घ्या, पाऊस चालू असताना उघड्यावर लावा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोननं वाचून बघा. नाशिकमधल्याच कुणाकडनं करून घ्या, वाहतूक वाचंल, पण कोटेशन आलं की इथं टाका, मी बघून सांगतो.